नमुना

शब्दांचेंहि माणसांसारखेंच असतें. एका घरीं ते सरळ वागतात आणि दुसऱ्या घरीं गेले कीं त्यांचा स्वभाव पालटतो. 'नमुना' हा शब्द घ्या. आमच्या नांदेडच्या मोंढ्यांत त्याला मोठी प्रतिष्ठा आहे. शेतकरी पोतीं उतरवतो, अडत्याचा माणूस लोखंडाची पोकळ सळई पोत्यांत खुपसतो, ओंजळभर दाणे बाहेर काढतो, आणि त्या ओंजळीवर सगळ्या मालाचा भाव ठरतो. तो नमुना. पण हाच शब्द मोंढ्यांतून उठून गांवच्या पारावर येऊन बसला, कीं त्याचा अर्थ अगदीं निराळा होतो. "काय नमुना आहे!" असें एखाद्याविषयीं कुणी म्हटलें, तर हा मनुष्य इतरांसारखा नाहीं, त्याच्याकडे पाहून घटकाभर करमणूक होईल, एवढेंच सुचवावयाचें असतें. पहिला नमुना सगळ्यांसारखा म्हणून नमुना. दुसरा कुणासारखाच नाहीं म्हणून नमुना. हे दोन अर्थ एका शब्दांत इतकीं वर्षें सुखानें कसे नांदतात, याचें मला नेहमीं नवल वाटे. परंतु एकाच मनुष्याला एकाच वेळीं दोन्ही अर्थांनीं नमुना करतां येतें, ही युक्ति मात्र मला दूरदर्शनच्या पडद्यानें शिकवली.

मी चुडाव्याचा. चुडावा हें परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांतलें गांव, पूर्णा आणि नांदेड यांच्यामधल्या लोहमार्गावर वसलेलें. गांवाला स्टेशन आहे; पण लांब पल्ल्याच्या गाड्यांना त्याचें फारसें अगत्य नाहीं. त्या शिटी वाजवून निघून जातात, आणि त्यांतल्या प्रवाशांच्या लेखीं चुडावा म्हणजे खिडकींतून क्षणभर दिसलेली पिवळी पाटी. आमच्या जिल्ह्याचें नांवहि बाहेर ऐकूं येतें तें बहुधा "बनी तो बनी, नहीं तो परभणी" या म्हणींतच. हा मुलूख १९४८ सालीं निजामाच्या अमलांतून सुटला, १९५६ सालीं द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. त्याआधीं, १९५३ सालच्या नागपूर करारांत, नोकऱ्यांत आणि खर्चांत लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटा मिळेल असें आम्हांला वचन मिळालें होतें. त्या वचनाचें पुढें काय झालें, हा या लेखाचा विषय नव्हे. पण त्यामुळें आम्हां मराठवाड्याच्या लोकांना एक संवय जडली ती जडलीच. कोठेंहि चार माणसें निवडलीं गेलीं, कीं त्यांत आपला कुणी आहे का, हें आम्ही आधीं पाहतों. मग तें मंत्रिमंडळ असो, क्रिकेटचा संघ असो, कीं साहित्यसंमेलनाचें व्यासपीठ असो.

गेल्या वीस वर्षांत या यादींत एका नव्या निवडीची भर पडली आहे. ज्यांना 'रिॲलिटी शो' म्हणतात त्या कार्यक्रमांसाठीं होणारी ही निवड. 'रिॲलिटी' म्हणजे वास्तव. आणि येथें वास्तव आधीं निवडून, मग रचून, मग कापून दाखवलें जातें. त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. नाटककारहि निवडतो, रचतो आणि कापतो. फक्त तो आपल्या पात्रांना खरीं माणसें म्हणून पुढें करीत नाहीं. मी निवृत्त शिक्षक आहें. रात्रीं जेवणें झालीं कीं घरांतल्या मुलाबाळांबरोबर हे कार्यक्रम पाहतों, आणि खरें सांगायचें तर आवडीनें पाहतों. त्यांतल्या भांडणांपेक्षां त्यांतली निवड मला अधिक विचार करावयास लावते. पंधरा-सोळा माणसें घ्यायचीं आणि त्यांत सगळा महाराष्ट्र मावला असें दिसलें पाहिजे! पूर्वीं गांवांत पांच पंच नेमतांनासुद्धां इतकी कसोटी लागत नसे.

अनोळखी माणसें एका घरांत कोंडून त्यांच्यावर रात्रंदिवस कॅमेरे रोखायचे, ही कल्पना मूळची हॉलंडची. तेथें १९९९ सालीं 'बिग ब्रदर' सुरू झाला. हिंदींत येऊन तो 'बिग बॉस' झाला आणि २०१८ सालीं मराठींत अवतरला. २०२४ च्या जुलैंत 'बिग बॉस मराठी'चें पांचवें पर्व सुरू झालें, तेव्हां सोळा जणांनीं त्या घरांत प्रवेश केला. त्यांत वर्षा उसगांवकरांसारखी चित्रपटसृष्टींतली नामांकित नटी होती आणि मालिकांतलीं परिचित मंडळी होतीं. त्यांच्याबरोबर 'कोकण हार्टेड गर्ल' या नांवानें ओळखली जाणारी अंकिता वालावलकर होती, कोल्हापूरकडचे धनंजय पोवार होते, 'छोटा पुढारी' घनश्याम दरोडे होता, पुरुषोत्तमदादा पाटील हे कीर्तनकार होते, रशियाची इरिना रुडाकोवा होती, आणि बारामती तालुक्यांतल्या मोढवे गांवचा सूरज चव्हाण होता. केळीच्या पानावर डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांची मांडणी असते, तशीच ही. प्रत्येक चव असावयास हवी, आणि प्रत्येक बोटभरच असावयास हवी. चटणी पोटभर वाढण्याचा बेत कुणाचाच नसतो.

या पानावरून कीर्तनकार सर्वांत आधीं उठले. त्यांत आश्चर्य नाहीं. भांडणासाठीं बांधलेल्या घरांत कीर्तनकारानें भांडावें तरी कसें, आणि न भांडतां राहावें तरी कसें? २०२१ च्या तिसऱ्या पर्वांत शिवलीला पाटील या तरुण कीर्तनकार गेल्या होत्या. प्रकृतीच्या कारणानें त्या थोड्याच दिवसांत बाहेर पडल्या, आणि पुढें तेथें गेल्याबद्दल त्यांना वारकऱ्यांची क्षमा मागावी लागली. नमुना म्हणून बोलावलेल्या माणसाला असें दोन्हीकडून उत्तर द्यावें लागतें. आंत त्यानें सगळ्या पंथासारखें दिसलें पाहिजे, आणि बाहेर सगळ्या पंथानें त्याला जाब विचारला पाहिजे. मालिकेंतल्या नटीनें त्या घरांत कांहींहि केलें, तरी महाराष्ट्रांतल्या समस्त नट्यांची क्षमा मागण्याचा प्रसंग तिच्यावर येत नाहीं. तिचें चुकणें तिचें एकटीचें असतें. ही सोय फार मोठी आहे. जिला ती मिळते तिला ती मिळाल्याचें ठाऊकहि नसतें.

सूरज चव्हाणची गोष्ट याहून बोधप्रद आहे. लहानपणींच आईबाप गमावलेला, फारसा न शिकलेला, मोबाईलवरच्या छोट्या चित्रफितींमुळें लोकांना माहीत झालेला हा तरुण घरांत शिरला तो 'गुलीगत' आणि 'झापुक झुपूक' हे आपले शब्द घेऊन. आमच्या आळींतलीं मुलें त्याच्यावर बेहद्द खूष होतीं. शेजारचे एक वृद्ध शेतकरी अधूनमधून आमच्याकडे हा कार्यक्रम पाहावयास येत. ते एके रात्रीं म्हणाले, "गुर्जी, पोरगं आपल्यावाणी बोलायलंय. पण ते बोललं की बाकीचे आधी एकमेकाकडं बघायलेत, मग हसायलेत." बैलाच्या डोळ्यावरून त्याची जात ओळखण्यांत ज्याचा जन्म गेला, त्या माणसाचें हें निरीक्षण होतें. मीं इतके दिवस नुसतें हंसणें पाहिलें होतें. हंसण्याच्या आधींची ती नजर त्यांनीं पाहिली.

प्रेक्षकांनीं मात्र तो डाव उलटवला. ६ ऑक्टोबर २०२४ रोजीं सूरज विजयी झाला. १४ लाख ६० हजार रुपयांचें बक्षीस त्याला मिळालें. दुसरा आला अभिजीत सावंत, जो २००५ सालीं पहिल्या 'इंडियन आयडल'चा विजेता ठरला होता. या दोघांचीं नांवें मी शेजारीं ठेवतों तीं कोण मोठा हें ठरविण्यासाठीं नव्हे, एका फरकासाठीं. अभिजीत सावंत तेथें आला तो गायक म्हणून. तो गातो, एवढें त्याच्याविषयीं पुरेसें होतें. तो कोणत्या वस्तीचा प्रतिनिधि, हें कुणीं विचारलें नाहीं. सूरज आला तो खेडें म्हणून. त्याचें हंसणें खेड्याचें हंसणें, त्याचा भोळेपणा खेड्याचा भोळेपणा, त्याचें गोंधळणें म्हणजे सगळ्या खेड्यांचें गोंधळणें. जिंकल्यावर तरी ही पाटी उतरावी कीं नाहीं? २०२५ च्या एप्रिलांत केदार शिंदे यांनीं त्याला नायक करून चित्रपट आणला, त्याचें नांव 'झापुक झुपूक'. मनुष्य पुढें गेला खरा, पण त्याचे शब्द त्याच्याहि पुढें जाऊन उभे राहिले.

आणखी एक गंमत पाहा. त्याच पर्वांत तिसरी आलेली निक्की तांबोळी मूळची छत्रपति संभाजीनगरची, म्हणजे आमच्या मराठवाड्याचीच. परंतु मराठवाड्याची म्हणून तिच्याकडे कुणीं पाहिलें नाहीं, आम्हींहि नाहीं. तिचे कपडे, तिचें बोलणें, तिचा तोरा यांत 'मराठवाडा' बसत नव्हता. तेव्हां पडद्याला प्रदेश हवा असतो असें जें आपण समजतों तें तितकेंसें खरें नाहीं. त्याला प्रदेशाचें चित्र हवें असतें, आणि तें चित्र मनुष्य निवडण्याच्या आधींच रंगवून तयार असतें. मग त्या चौकटींत नेमका बसेल असा एक जण शोधावयाचा, एवढेंच काम उरतें.

ही चौकट मला अगदीं जवळून दिसली ती माझ्या भाचीमुळें. तिचे वडील पूर्णा येथें रेल्वेंत नोकरीस आहेत. ती आठ वर्षें नांदेडला जाऊन-येऊन शास्त्रोक्त गाणें शिकली. एका गायनस्पर्धेच्या निवड-चांचणीसाठीं ती एका मोठ्या शहरांत गेली, आणि सोबतीला मी गेलों. बाहेर रांगेंतच एक अर्ज भरून घेत होते. नांव, गांव, वय, शिक्षण, आणि त्याखालीं एक ऐसपैस रकाना: 'आपल्या आयुष्यातील संघर्ष'. भाचीनें बराच विचार करून तेथें लिहिलें, 'तार सप्तकातला पंचम अजून पक्का लागत नाही.' पुढचें संभाषण आंत झालें, आणि तें तिनें मला परतीच्या गाडींत सांगितलें. तिनें एक नाट्यपद म्हटलें. ऐकणाऱ्यांना तें आवडलें. मग त्यांनीं विचारलें, "परभणी जिल्हा म्हणजे दुष्काळच ना? घरी कर्ज वगैरे आहे का?" ती म्हणाली, "बाबा रेल्वेत आहेत. शेत थोडं आहे, पण विहिरीला पाणी आहे." त्यांचा चेहरा थोडा पडला. "एखादं गावाकडचं गाणं येतं का? जात्यावरचं वगैरे?" "येत नाही. आम्ही दळण गिरणीतून आणतो." शेवटीं त्यांतल्या एका तरुण बाईनें, मनांत कांहीं वाईट न धरतां, स्पष्टच सांगितलें, "तू गातेस छान. पण मराठवाड्यातली एक आमच्याकडे झालीय."

घेतलें नाहीं याचें भाचीला फारसें दुःख नव्हतें. स्पर्धेंत नकार असावयाचाच. पण पूर्णेच्या अलीकडे कोठें तरी, खिडकींतून बाहेर पाहतां पाहतां, ती एकदम म्हणाली, "मामा, पुण्याच्या किती झाल्या, ते कुणी मोजायलंय का?"

मीं तीस-बत्तीस वर्षें मुलांना गणित शिकवलें. पण मोजण्याविषयीं इतका अचूक प्रश्न मला कुणा विद्यार्थ्यानें विचारल्याचें आठवत नाहीं. कोण मोजला जातो आणि कोण मोजला जात नाहीं, यांतच सगळें आलें. लग्नाच्या पंगतीला यजमान पाहुणे मोजतो, सख्खे भाऊ मोजीत नाहीं. भाऊ किती जेवावयास बसले याचा हिशेब त्याला लागत नाहीं, कारण घर त्यांचेंच असतें. ज्याला मोजलें तो पाहुणा. त्याचें स्वागत जोरांत होतें, त्याला आग्रहानें वाढतात, त्याचा फोटोहि काढतात. पण तो एक झाला कीं दुसऱ्यासाठीं पाट मांडीत नाहीत.

हा प्रश्न आमच्यापुरता नाहीं. जेथें या खेळांचा मोठा धंदा झाला त्या अमेरिकेंत तो वर्णाच्या नांवानें विचारला जातो. तेथें पाटीवर वर्ण लिहितात. आपण पाटीवर जिल्हा लिहितों, बोली लिहितों, आणि पुष्कळदां मुकाट्यानें जात वाचतों. अमेरिकेंतल्या 'सर्व्हायव्हर' या कार्यक्रमांत स्पर्धकांना दूरच्या बेटावर नेऊन सोडतात. २००६ सालीं कुक बेटांवर झालेल्या पर्वांत वीस स्पर्धकांच्या चार टोळ्या केल्या, त्या चक्क वर्णावरून: एक गोऱ्यांची, एक कृष्णवर्णीयांची, एक आशियाई वंशाच्यांची आणि एक लॅटिन अमेरिकी वंशाच्यांची. कार्यक्रमांत विविधता नाहीं अशी ओरड होती. त्या ओरडीला हें उत्तर होतें! माणसें आलीं, पण तीं सळईनें काढलेल्या दाण्यांसारखीं आलीं. खेळानें मात्र चालकांची वांटणी फार दिवस जुमानली नाहीं. शेवटच्या चौघांत गोऱ्यांच्या टोळींतला एकहि नव्हता, आणि जिंकला तो कोरियन वंशाचा यूल क्वॉन.

'द बॅचलर' या दुसऱ्या कार्यक्रमांत एक उपवर तरुण अनेक तरुणींतून आपली वधू निवडतो. त्याच्याच जोडीच्या कार्यक्रमांत तरुणी वर निवडते. २००२ सालीं सुरू झालेल्या या खेळांत दहा वर्षांत एकहि कृष्णवर्णीय नायक किंवा नायिका नव्हती, म्हणून २०१२ सालीं नॅशव्हिलच्या दोघा कृष्णवर्णीय तरुणांनीं दावा लावला. कार्यक्रमांत कोणाला घ्यावें हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे, असें सांगून न्यायालयानें दावा फेटाळला. कायद्याच्या दृष्टीनें त्यांत तथ्य असेल. नाटककारानें कोणतें पात्र घ्यावें हें न्यायाधीशानें सांगूं लागणें बरें नव्हे. पण कायद्यानें जें भाग पाडतां येत नाहीं, तें न करण्याचें समर्थन त्यानें होत नाहीं. पुढें २०१७ सालीं रेचेल लिंडसे ही पहिली कृष्णवर्णीय नायिका आली आणि २०२१ सालीं मॅट जेम्स हा पहिला नायक. दोघांच्याहि नांवामागें 'पहिला' हें विशेषण कायमचें लागलें. पहिलेपणाचा मान मोठा असतो, परंतु पहिल्याला सहज वागतां येत नाहीं. नव्या सुनेच्या हातून पहिल्या दिवशीं पेला निसटला, तर त्या आवाजाला सगळें घर वळून पाहतें.

भारतीयांना हा अनुभव दोन्ही बाजूंनीं आला, आणि तोहि एकाच वर्षीं. २००७ च्या जानेवारींत इंग्लंडच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्यें शिल्पा शेट्टी ही त्या घरांत एकटी भारतीय स्त्री होती. तिच्या उच्चारांची आणि खाण्यापिण्याची जी टवाळी झाली तिच्याविरुद्ध चाळीस हजारांहून अधिक तक्रारी तेथल्या नियामक मंडळाकडे गेल्या. ती जिंकली तेव्हां आपल्या सर्वांना न्याय झाल्याचें समाधान वाटलें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत 'इंडियन आयडल'च्या तिसऱ्या पर्वांत दार्जिलिंगचा गोरखा तरुण, कोलकाता पोलिसांतला शिपाई प्रशांत तमांग जिंकला. दुसरा आला शिलाँगचा अमित पॉल. तेव्हां दिल्लीच्या एका रेडिओ-निवेदकानें, गोरखेच गाऊं लागले तर पहारा कोण करणार, अशा अर्थाची थट्टा केली. सिलिगुडींत दंगल उसळली, संचारबंदी पुकारावी लागली. पुढच्याच महिन्यांत निघालेल्या गोरखा जनमुक्ति मोर्चाच्या मागें या गायकासाठीं मतें गोळा करतांना जमलेलें बळ होतें. जानेवारींत जें आपल्याला झोंबलें, तेंच सप्टेंबरांत आपल्यांतल्या एकानें केलें. आणि चांगल्या आवाजाच्या एका शिपायाला एका गाण्याच्या स्पर्धेंत सगळ्या जमातीची अब्रू वाहून न्यावी लागली.

यावर एक साधें उत्तर आहे आणि तें मी नेहमीं ऐकतों. "एकहि नसण्यापेक्षां एक बरा नाहीं का?" बरा आहे, नि:संशय बरा आहे. अमरावती जिल्ह्यांतल्या अंजनगांव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेंत मुलांसाठीं खिचडी शिजवीत, महिना १५०० रुपयांवर. २०१९ सालीं 'कौन बनेगा करोडपति'मध्यें त्यांनीं एक कोटि रुपये जिंकले. त्यांच्या परिस्थितीची कथा तेथेंहि दाखवली गेली, लोकांचे डोळेहि पाणावले. तरी त्या खेळांत एक गोष्ट भली होती. प्रश्नाला उत्तर देणाऱ्याचें गांव ठाऊक नसतें. बरोबर उत्तर खिचडी शिजविणारीचें असलें तरी बरोबरच, आणि अमिताभ बच्चन समोर बसले असले तरी चुकीचें तें चुकीचेंच. त्या बाई परिस्थितीमुळें लोकांना आवडल्या असतील. जिंकल्या त्या वाचनामुळें.

गाण्याच्या बाबतींतहि आपल्याकडे चांगलें उदाहरण घडून गेलें आहे. २००८-०९ सालच्या मराठी 'सा रे ग म प'च्या लहान मुलांच्या पर्वांत शेवटचे पांच होते ते पुण्याची आर्या आंबेकर, आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरी जिल्ह्यांतला प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि आमच्याकडचा, लातूरचा, रोहित राऊत. जिंकली कार्तिकी. त्या निकालावर आमच्या शिक्षकांच्या खोलींत आठवडाभर वाद चालला, आणि त्यांत सुरांपेक्षां आडनांवांची चर्चा अधिक झाली, हेंहि मला स्मरतें. पण त्या पांच मुलांविषयीं एक गोष्ट मला फार आवडली. लातूरचा मुलगा लातूरचें कांहींच गात नव्हता. तो ठेक्याचीं, नव्या धाटणीचीं सिनेमाचीं गाणीं गाई आणि त्यांत रमे. दुष्काळाचें गाणें म्हण, असें त्याला कुणीं सांगितल्याचें मला दिसलें नाहीं. आमच्या शाळेंतलीं मुलें तेव्हां त्याच्यासारखें गाऊं लागलीं, आणि गातांना आपण मराठवाड्याचीं आहों हें तीं पार विसरून जात. मला वाटतें, प्रतिनिधित्वाचा खरा लाभ हाच. आपला माणूस पाहून आपण कोण आहों हें आठवावें त्यापेक्षां, आपण काय होऊं शकूं हें सुचावें.

मग एक बरा, पण पुरेसा केव्हां? माझें मत असें, कीं पहिल्या खुर्चीवरून कांहींच कळत नाहीं. कळतें तें दुसऱ्या खुर्चीवरून. २०२० च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतल्या सीबीएस या वाहिनीनें जाहीर केलें, कीं पुढच्या हंगामापासून तिच्या अशा कार्यक्रमांतले निम्मे लोक श्वेतवर्णीयांखेरीज इतर समाजांतले असतील. ही सक्ति आहे, असें पुष्कळांनीं म्हटलें. परंतु २०२१ च्या 'सर्व्हायव्हर'मध्यें काय झालें तें पाहा. चौघा कृष्णवर्णीय स्पर्धकांनीं एकजूट केली, शेवटपर्यंत बरोबर राहाण्याच्या गोष्टी केल्या, आणि मग त्यांच्यांतच फूट पडली! हें वाचून मला अतिशय आनंद झाला. भांडणानें आनंद होण्याचें कारण असें, कीं एकट्या नमुन्याला भांडतांच येत नाहीं. तो भांडला कीं त्याची जमात भांडखोर ठरते. चौघे असले म्हणजे एक धूर्त निघतो, एक भोळा, एक शब्दाचा पक्का आणि एक दगाबाज. आणि मग पाहणाऱ्याला नाइलाजानें त्यांच्याकडे माणसें म्हणून पाहावें लागतें.

मोंढ्यांतला जाणता खरीददारहि एका टोंचणीवर भाव करीत नाहीं. तो पोतें वरून पाहतो, मधून पाहतो, तळाला सळई घालतो, कारण एकाच पोत्यांत दाणा सारखा नसतो हें त्याला अनुभवानें ठाऊक असतें. ज्वारीच्या बाबतींत आपण जी काळजी घेतों, ती माणसाच्या बाबतींत घ्यावयास हरकत नसावी. आणि व्यापाऱ्याच्या हातांतल्या ओंजळीचा हेतु निदान प्रामाणिक असतो. पोत्यांत काय आहे हें त्याला खरोखर जाणून घ्यावयाचें असतें. पडद्यावर पुष्कळदां उलटें असतें. 'आम्हीं पोतें उघडलें होतें' एवढें दाखविण्यासाठींच ओंजळ वर धरलेली असते.

माझी इच्छा फार मोठी नाहीं. एखाद्या वर्षीं आमच्याकडच्या तीन मुली एकाच स्पर्धेंत असाव्या. एकीनें ख्याल गावा, दुसरीनें लावणी म्हणावी, आणि तिसरीनें बेसूर गाऊन दुसऱ्याच फेरींत घरीं परत यावें. ती परत आली तेव्हां मराठवाड्यावर अन्याय झाला असें आम्हीं म्हणूं नये, आणि मराठवाड्याला गातां येत नाहीं असें इतरांनीं म्हणूं नये. एक मुलगी त्या दिवशीं बेसूर गायली, इतकेंच सर्वांनीं म्हणावें आणि दिवा मालवून निजावयास जावें. बेसूर गाण्याचा हा साधा हक्क पुण्यामुंबईच्या मुलींना केव्हांच मिळाला आहे. तो त्यांच्याकडून काढून न घेतां चुडाव्यापर्यंत पोंचला, म्हणजे झालें.